हौसाबाईंच्या गालातला काजवा

हिरवा.

सोमवारी सकाळी शबाना सिस्टर कामावर आली, तेव्हा हौसाबाईंचा डावा गाल आतून हिरवा उजळलेला होता. दाढेवर चिकटवलेला तांदळाएवढा ‘काजवा’ लाळेतल्या जंतूंचा अंदाज घेई आणि रंगाने सांगे: हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. पक्षाघातापासून अन्न नाकातल्या नळीने जात होतं. पण तोंड अस्वच्छ राहिलं की तिथली लाळ ठसकाही न लागता फुप्फुसात उतरे. एक न्यूमोनिया होऊन गेला होता. दुसरा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पिवळा.

मंगळवारी दुपारी. शबाना चक्रावली. उशाकडची बाजू उंच, लाळ ओढून घेणारा ब्रश, सगळं नेमाने चाललेलं. अडचण एकच. ब्रश दिसला की हौसाबाई दात घट्ट आवळत.

लाल.

गुरुवारी तो उजेड दारातून दिसताच शबाना अर्ध्या जेवणावरून उठून आली. हौसाबाईंची धाकटी बहीण, बायनाबाई, पलंगावर बसून त्यांच्या हिरड्या चोळत होती. बोट काळंकुट्ट.

“मावशी! मिश्री?”

“मग? ल्हानपणापासनं दोघी संगंच लावतोय. तुझ्या बुरसाला दात आवळती, माझं बोट बघ कसं घेतीया.”

“तंबाखूनं हिरड्या सोलल्यात. रक्त बघा. त्यातच जंतू पोसतात, आणि सुटलेली लाळ छातीत जाते.”

“तोंडानं खाती कुठं? घाण येईल कशी?”

शबानाने गालाकडे बोट केलं. बायनाबाईने त्या लाल उजेडाकडे पाहिलं, मग आपल्या काळ्या बोटाकडे. “म्हंजी मीच हिला...”

शबानाचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. हौसाबाईंचं तोंड अजून उघडंच होतं.

तिने बायनाबाईच्या हाताला मोजा चढवला, बोटावर औषधात भिजवलेली पट्टी गुंडाळली. “चोळा. मी लाळ ओढते.”

“आता ह्या वयात शिकीव मला!” पण बोट फिरू लागलं.

रविवार.

गाल हिरवट. बोट आत गेलं तशी हौसाबाईंची जीभ ते चाचपू लागली. या बाजूने, त्या बाजूने. मग थांबली. डोळे बहिणीकडे वळले.

“न्हाई आणली, आक्का,” बायनाबाई पुटपुटली.

शबानाने लाळ ओढायची नळी हळूच बाजूला घेतली. आज तोंड उघडलं होतं. बोटावर आता मिश्री नसते, हे कळल्यावर उद्या उघडेल?