अर्धा कोयता

त्या वर्षी ताडकळसला ऊन असं पडलं होतं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या. खोटं वाटत असेल तर स्टँडवरच्या आश्रुबा चहावाल्याला विचारा. तो तर ऑम्लेट म्हणतो! अशा उन्हात परभणीच्या बसमध्ये शिवरंजनीच्या शेजारी एक पोरगा येऊन बसला आणि पुस्तकात बघून पुटपुटू लागला, "टी-ई-ए-आर, टिअर. टिअर म्हणजे आसू... टिअर म्हणजे फाडणे..."

शिवरंजनी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला राहवेना.

"फाडायचं असेल तर टेअर म्हणा."

"स्पेलिंग तर एकच हाय की!"

"मग शेजारचा शब्द बघायचा. तो सांगतो, हा कोण ते."

त्यानं पुस्तक मिटलं. "आज माझ्या शेजारी तुमी... मग मी कोण झालो?"

"आगाऊ!" ती म्हणाली आणि खिडकीकडे वळून हसली.

बजरंग त्याचं नाव. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हा रेल्वेच्या परीक्षेच्या क्लासला निघालेला. मग रोज ती शेजारच्या सीटवर पर्स ठेवून त्याची जागा धरायची, आणि रोज हा चुकायचा. लीड-लेड पाठ, विंड-वाइंड पाठ, पण टिअर-टेअर — छे!

"मुद्दाम चुकताय तुम्ही!"

"बरोबर आलं तर उद्या जागा कशाला धरताल?"

दसरा झाला, आणि बजरंग पुस्तकाशिवाय आला.

"आण्णांचा मणका गेला. आई त्यांच्यापाशी. यंदा ऊस मलाच तोडावा लागतोय."

"आणि परीक्षा?"

"मुकादम जोडीच घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा."

बस धडधडत सुटली. त्या आवाजात ती म्हणाली, "दुसरा अर्धा... मी झाले तर?"

त्यानं पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला. खडूनं पांढरा झालेला.

"माझ्या आईचा तळहात बघा एकदा... तसा करू ह्याला?" त्यानं हात सोडला. "मामाची पोरगी ठरलीय. तिला ल्हानपणापासून कोयता येतो."

"आणि तुम्हाला काय येतं?"

"मला? मला अजून टेअर बी येत न्हाई."

लग्न उरकलं. पुढं एका सकाळी मालगाडी यायची म्हणून बस बंद रेल्वे फाटकापाशी थांबली, आणि शेजारी येऊन थांबली ट्रॅक्टरची ट्रॉली — पत्रे, भांडी, शेळी, माणसं. खिडकीपासून हातभर अंतरावर बजरंग. त्याला खेटून, हातांची हळद न उतरलेली नवरी.

शिवरंजनीनं बघितलं. त्यानंही. मग तो हळूच म्हणाला, "टिअर म्हणजे आसू... टेअर म्हणजे फाडणं."

"काय म्हणायलाव?" नवरीनं विचारलं.

"इंग्रजी."

माझ्या हातात असतं तर ती मालगाडी मी फाटकात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभी केली असती. पण ती गेली. फाटक उघडलं.

"बरोबर," शिवरंजनी म्हणाली, आणि शेजारच्या सीटवरची पर्स उचलून तिनं मांडीवर घेतली.