जुने दाते

तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

आजवर ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं कपाळाला हात लावला. माझ्या बाकीच्या गोष्टींना मी थोडी फोडणी देतो, कबूल. ह्या गोष्टीला मोहरीचा दाणासुद्धा लावलेला नाही. जसं घडलं तसं.

जागा, नारायण पेठ. लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. वेळ, जानेवारीतला एक मंगळवार, दुपारची.

हो, दुपारची. रात्री-बेरात्री हिंडणारी भुतं बाहेरगावची. आमच्या पेठेतली भुतंही वेळ पाळतात.

तिसऱ्या मजल्यावर माझे मित्र रतनराव राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. सोबत प्रेमलावहिनी. दोन वर्षांपूर्वी वहिनींना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. फोडणी करपली तरी कळेना. उदबत्ती नाकाला लावली तरी काही नाही.

एक सोडून.

कॉफीच्या बिया दळताना पहिल्या झटक्याला जो वास उठतो ना, तो तेवढा त्यांना यायचा. त्या वासासाठी वॉकर धरून त्या स्वयंपाकघरात यायच्या. एरवी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हणून रतनराव रोज न चुकता दुपारी दोनला ग्राइंडर लावायचे. बायकोला अंथरुणातून उठवायचा तेवढाच एक उपाय त्यांच्या हातात होता.

आणि दोन वाजता वरच्या मजल्यावर दाते झोपलेले असायचे.

दाते एकटे राहायचे. तपकीर ओढायचे. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला, की वरून जमिनीवर काठी.

ठक... ठक... ठक.

जिन्यात गाठ पडली की म्हणायचे, "काय रतनराव, गिरणी कधी बंद करताय?"

"तुमची झोप पुरी झाली की. एकदाची."

असा त्यांचा सलोखा.

गेल्या दिवाळीनंतर दाते वारले. झोपेतच. दुपारच्याच. मुलगा कॅनडाहून आला, दिवसपाणी उरकलं, दाराला कुलूप घालून परत गेला. वरचं घर बंद झालं. काठीचा आवाजही बंद झाला.

मग ग्राइंडर बिघडला.

ह्या यंत्राच्या पोटात दोन पोलादी कडी असतात, एकात एक बसणारी. त्यांना दाते असतात. त्या दात्यांमध्ये बी कापली जाते. वर्षानुवर्षं दळून दाते बोथट झाले. बी कापायच्या ऐवजी रगडली जायला लागली. पूड गरम आणि करपट. वास उठेचना.

वहिनी आल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. वाट पाहिली.

"काही नाही हो," म्हणाल्या, आणि वॉकर वळवला.

त्यानंतर त्या खोलीबाहेर आल्याच नाहीत.

रतनराव हादरले. दुकानदाराला फोन लावला. घरात रेंज नाही, म्हणून जिन्यात उभे राहिले. दुकानदाराला नीट ऐकू येईना, म्हणून ओरडून बोलायला लागले.

"अहो, जुने दाते गेले! ... हो, हो, पार झिजले होते! शेवटी शेवटी तर नुसती कुरकुर! ... छे, दुरुस्तीच्या पलीकडे! कचऱ्यात टाकतो आता. नवे आले की घरात शांतता!"

वरून आवाज आला...

ठक.

रतनरावांनी मान वर केली. चौथ्या मजल्याच्या दाराला कुलूप तसंच होतं.

मांजर असेल, म्हणाले. माणूस स्वतःला किती मांजरं दाखवतो!

मंगळवारी नवे दाते आले. वहिनी आत झोपल्या होत्या. रतनरावांनी प्लग काढला, जुनी कडी उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकली, ब्रशनं जुनी पूड झाडली आणि नवी कडी स्क्रूनं आवळली. आता राहिलं होतं फक्त जुळवणं. ते काम सगळं कानावर चालतं. मशीन रिकामं चालू ठेवायचं आणि वरचं कडं हळूहळू आवळत जायचं. दात्याला दाता लागला, की 'चिर्र' होतं. तिथं थांबायचं. किंचित मागं यायचं.

त्यांनी प्लग लावून बटण दाबलं. कडं फिरवलं.

चिर्र नाही.

आणखी फिरवलं.

नाही.

आणखी...

यंत्रावर हात ठेवला, तर ते थरथरत होतं. आत पोलाद पोलादाला घासत होतं, नाकाला तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. पण आवाज?

आवाजच नव्हता.

त्यांनी बटण बंद केलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा सरकत होता, टिकटिक नव्हती. खिडकीत दोन पारवे माना फुगवून घुमत होते. मुके. खाली रस्त्यावर स्कूटरवाला हॉर्नवर अंगठा दाबून उभा होता. नारायण पेठेत, भर दुपारी... चिडीचूप.

"प्रेमला," त्यांनी हाक मारली.

ओठ हलले. हाक स्वतःच्या कानापर्यंतही पोचली नाही.

ते वळले, आणि त्यांना दिसलं...

बोळात वॉकर आडवा पडला होता.

त्याच्या पलीकडे, खोलीच्या उंबऱ्यावर, वहिनींचा हात. तळवा फरशीवर आपटत होता. पुन्हा पुन्हा.

केव्हापासून आपटत होता, कोण जाणे.

रतनराव धावले. वहिनी पाठीवर पडल्या होत्या. डोळे विस्फारलेले, चेहरा काळानिळा. आणि गाल... दोन्ही बाजूंनी आत दबलेले. कुणीतरी पंजानं तोंड गच्च धरावं, तसे. बोटांचे खळगे स्पष्ट दिसत होते.

बोटं मात्र दिसत नव्हती.

त्यांनी तो पंजा ओढायला हात घातला. हाताला हवा लागली. बर्फासारखी थंड.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जिन्यात आपण काय ओरडलो, कुणाला ऐकू गेलं, आणि ऐकणाऱ्यानं त्याचा काय अर्थ घेतला.

घरात शांतता. मागितली होती. मिळाली.

ते स्वयंपाकघरात पळाले. प्लग ओढला. नवी कडी उपसून काढताना बोटं चिरली, रक्त ओट्यावर ठिबकलं. कचऱ्याचा डबा पालथा केला. चहाच्या चोथ्यातून जुने दाते शोधले, तसेच बरबटलेले बसवले, प्लग लावला आणि बटण दाबलं.

खर्रर्रर्र...

त्या खरखरीबरोबर सगळं एकदम परत आलं. हॉर्न, पारवे, घड्याळ. आणि आतून हंबरडा, "अहोऽऽ!"

वहिनींना उठवून बसवलं, पाणी पाजलं. मग त्या बोलल्या.

"कुणीतरी तोंड दाबलं होतं माझं. कानाशी 'श्शूऽऽ' करत होतं."

"कोण?"

"दिसलं नाही. पण हाताला वास होता हो. तपकिरीचा."

दोन वर्षं फोडणीचा वास न आलेली बाई ही.

जुने दाते आजही त्या ग्राइंडरमध्ये आहेत. पूड करपट येते. वहिनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. नवे दाते फडताळात आहेत, आणि ते बसवायची रतनरावांची छाती होत नाही.

परवा दुपारी हीच गोष्ट मी त्यांच्या जिन्यात बसून त्यांची भाची शेफाली हिला सांगत होतो. रतनराव शेजारी बसलेले.

"काका, किती फेकता हो!" शेफाली म्हणाली. पण गुडघे आवळून जवळ सरकली. "मग पुढे? मामांनी काहीच नाही केलं?"

आता पोरीसमोर मित्राचा पडलेला चेहरा बघवेना. म्हणून म्हटलं, "केलं तर! तुझा मामा वाघ आहे वाघ. त्याच संध्याकाळी इथं जिन्यात उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, दाते, झालं गेलं विसरा. खाली या, आमच्याकडे कपभर कॉफी घ्या."

रतनरावांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

शेफालीची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली होती... चौथ्या मजल्याकडे.

कुलूपबंद दाराच्या आतून कुणीतरी चिमूट ओढल्यासारखा सूं आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. आणि मग, अगदी शांतपणे:

"साफ खोटं. कॉफीचं मला आजतागायत कुणीही विचारलेलं नाही."