कोळशाची झाली लापशी

विनीत आला होता नुसता पाव किलो चिवडा घ्यायला. लालबागच्या त्या दुकानात भट्टीचा धूर नाकात गेला आणि खोकत खोकतच तो कढईपाशी उभ्या दुकानाच्या मालकिणीला, पूर्वीला म्हणाला, "हा धूर घालवून दाखवू?" तेव्हाच हाकलायला हवं होतं त्याला. नाही हाकललं. आता भोगा!

लाकूड-कोळसा बंद करा अशी महापालिकेची नोटीस आलेली. विनीतच्या कणकवलीच्या कारखान्यात भाताचा तूस, काजूची टरफलं, रानातला पालापाचोळा दाबून जळणाच्या कांड्या करायचे. त्याला म्हणे पांढरा कोळसा! तो जमला नाही तर दुकान बंद, असं बाबांनी पूर्वीला निक्षून सांगितलेलं.

आणि आज, ऐन दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर असताना, त्या कांड्यांची लापशी झाली होती.

"पाणी मारलंत?" विनीतनं कपाळाला हात लावला.

"मग? धूळ उडू नये म्हणून कोळशावर पाणी मारतातच! आजोबांपासून मारतोय!" पूर्वी उसळली.

"अहो, तूस आहे तो. भिजला की सुटतो."

"नाव कोळसा, रंग तपकिरी, म्हणायचं पांढरा! रोज इथे चहा ढोसत बसता, एवढं सांगता येत नव्हतं?"

"सांगणारच होतो, पण..."

"पण काय? बोल ना! दुकान जाईल माझं, कळतंय का तुला?"

'तुला' तोंडून निसटलं आणि पूर्वीनं जीभ चावली.

"तुम्ही मनगटानं केस मागे सारता ना..." तो खाली बघत पुटपुटला, "ते बघताना राहून गेलं सांगायचं."

असा संताप आला पूर्वीला! मेल्याला हीच वेळ सापडली? वर तिचे कान तापले, ते वेगळंच.

"कोरडा माल आहे?"

"परळला टेम्पोत आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. त्याच्या शिव्या मी खाईन."

तासाभरात भट्टी धडधडून पेटली. कढईत पोहे फुलले. बाबा धूर शोधत आले, तो काही सापडेना, तसे मूठभर चिवडा तोंडात टाकून मुकाट परत गेले.

"मग... निघू मी?"

"हलून तर बघ! दिवाळीपर्यंत इथेच थांबायचं."

"आणि नंतर?"

पूर्वीनं झारा कढईवर आपटला.

"नंतर आईला घेऊन ये तुझ्या!" ती एवढ्यानं ओरडली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "आणि ते तुम्ही-तुम्ही बंद कर आधी, डोकं उठतं माझं!"