दोन बोटं सैल

दिवा राहू दे बंद. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे नको.

माझे साडू स्टेडियमला लागून असलेल्या बागेत माळी होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चमधला दुसरा रविवार. रात्री जेवण झाल्यावर ते चपला घालायला लागले. मेहुणीनं विचारलं, "आता कुठे?" म्हणाले, "बागेतला पाण्याचा कॉक उघडा राहिलाय बहुतेक. बंद करून आलोच."

कॉक बंद होता. त्यांनीच संध्याकाळी बंद केला होता.

झालं होतं असं. स्टेडियम मोठं करायचं ठरलं. नवी गॅलरी, आणि तिच्यापुढे गाड्या लावायला जागा. जागा कुठून येणार? बागेतून! झोपाळे आधीच उपटले. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी सह्या केल्या, आरडाओरडा केला, कुणी दाद दिली नाही. मोठी झाडं करवतीला जाणार होती. तरणी आणि सरळ असतील तेवढी मुळांसकट उचलून नदीपलीकडच्या माळावर लावायची होती. क्रेनच्या पट्ट्यानं साल सोलू नये म्हणून त्यांच्या खोडाला गोणपाट गुंडाळायचं, त्यावर ऑफिसचा शिक्का. बाकीच्यांवर तांबडी फुली. गोणपाट गुंडाळायचं काम साडूंकडेच होतं.

मागच्या फाटकापाशी दोन शिरीष होते, शेजारी शेजारी. एक साडूंनी लावलेला, एक बागेच्या वॉचमननं. साडूंची आठ वर्षांची मुलगी आणि वॉचमनचा मुलगा एकाच आठवड्यात तापानं गेली होती. त्यांच्यामागे दोघा बापांनी लावलेली ही झाडं. वॉचमनच्या झाडाला गोणपाट मिळालं. साडूंचं वाकडं निघालं. "उचलताना मोडेल," इंजिनिअर म्हणाला. साडूंनी त्याचे पाय धरले रे, भर दिवसा, मजुरांसमोर! "साहेब, मोडलं तर मोडू दे, पण उचला तरी." साहेब फोनवर बोलत निघून गेला.

"मग काय केलं त्यांनी, काका?"

काय करणार? चोरी करायला गेले. सकाळी क्रेन यायची होती.

बांधकामाआधीची शेवटची मॅच आटोपून स्टेडियमचे दिवे विझले होते. त्या उजेडामुळे बागेत इतकी वर्षं कधी नीट अंधारच पडला नव्हता. त्या रात्री पडला. साडू चाचपडत वॉचमनच्या झाडापाशी गेले. स्वतःच मारलेली निरगाठ सोडली, गोणपाट उतरवलं आणि आपल्या झाडाला गुंडाळलं. पोरीला त्यांनीच शिकवलं होतं की दोरीखाली दोन बोटं जायला हवीत, झाड वाढतं, नाहीतर त्याला फास बसतो. पोरगी दोन बोटं बरोब्बर ठेवायची, पण बांधायची सुरगाठच, वर एक जादाचा पेच. निरगाठ तिला कधी जमलीच नाही. त्या रात्री मात्र साडूंनी बोटंबिटं काही पाहिलं नाही. करकचून आवळली दोरी.

मग मागे कुणीतरी खोकलं.

लहान मुलाचा खोकला... उघड्या पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी.

साडू वळले नाहीत.

पुन्हा खोकला. आणि दात वाजल्याचा आवाज. मार्च महिना होता. साडूंच्या अंगाला घाम होता...

मग अगदी कानाशी...

"बाबा..."

साडूंनी झाडाला मिठी मारली.

"बाबा, त्याला थंडी वाजतेय."

"नाही देणार," साडू म्हणाले. "एकदा गेलीस. आता नाही जाऊ देणार."

त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.

"रागावलीस? बोल ना गं..."

पाचोळ्यावर चार पावलं वाजली... थांबली.

रात्रभर त्यांनी मिठी सोडली नाही, डोळा मिटला नाही. हे मला त्यांनी स्वतः सांगितलंय. आणि तो माणूस थापा मारणाऱ्यातला नव्हे, त्यासाठी घरात मी आहे.

उजाडलं. गालाखाली साल होती. नुसती साल, आणि तांबडी फुली. गोणपाट पुन्हा वॉचमनच्या झाडावर होतं. त्यावर दोरी. दोरीला सुरगाठ. वर एक जादाचा पेच.

फाटकाबाहेर क्रेनची घरघर सुरू झाली होती. अजून वेळ होता. सुरगाठच ती, टोक ओढलं की सुटली. साडूंनी टोक हातात धरलं. तेवढ्यात वॉचमन कामावर आला. त्यांना बघून त्याचे डोळे भरून आले. "रात्रभर इथंच होतास? माझ्या पोराचं झाड राखत बसलास होय रे?"

साडूंनी टोक सोडलं.

करवत सुरू झाली तेव्हा वॉचमननं आपल्या हातांनी त्यांचे कान झाकून धरले. साडू गुरासारखे ओरडत होते, असं मजूर सांगतात.

तिथं आता गाड्या उभ्या असतात. वॉचमनचं झाड माळावर छान तगलंय, मागच्या महिन्यात मी बघून आलो. तेव्हा मांडीएवढं असलेलं खोड आता कवेत मावत नाही. गोणपाट कधीच कुजून गेलं. दोरी आहे. तीच दोरी, कुठे जोड नाही, गाठ तशीच.

मी तिच्याखाली बोटं घालून पाहिली.

दोन गेली.