बेटकऱ्याचं पान

तुमच्या घरी म्हाळाला असा कोणी जेवायला येतो का हो, ज्याचं नावच घरात कुणाला ठाऊक नाही?

संगमेश्वराच्या पलीकडे खाडीच्या काठाला सखारामांचं घर होतं. त्या घरात असा एक होता. पितृपक्षात आजा, पणजा, खापरपणजा अशी नावं घेऊन पानं वाढायची आणि शेवटी एक पान बिननावाचं. त्याला सगळे 'बेटकरी' म्हणत. दूरच्या समुद्रात पोर्तुगिजांचं एक बेट, तिथला डोंगर फुटला, गाव राखेखाली गेलं आणि एक तरणा मुलगा जहाजावर चढला. फिरत फिरत या खाडीत शिरला. सखारामांच्या घरामागे गरम पाण्याचा झरा आहे, उन्हाळं म्हणतात त्याला. त्याच्या गंधकाच्या वासाला तो जो थांबला, तो पुन्हा निघालाच नाही. इथलीच बायको केली, तिचे देव आपले मानले आणि झऱ्याकाठी अळू लावलं. सखाराम त्याच्या वंशातले.

बेटकऱ्याच्या पानावर एक जिन्नस वेगळा असे. अळकुड्या, म्हणजे अळवाचे कंद, त्याही चुलीवरच्या नव्हेत, झऱ्यात शिजलेल्या. आदल्या संध्याकाळी फडक्यात बांधून सुंभाने पाण्यात सोडायच्या आणि दुपारी ओढून काढायच्या. हे काम घरच्या सुनेचं.

विमला लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिच्याकडे होतं. एक गोष्ट मात्र तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. गाठोडं वर घेताना दर वर्षी सुंभ मध्येच अडायचं. दगडात अडकावं तसं नाही... खालून कुणी धरावं तसं. जोर काहीच नसायचा. जत्रेत लहान मूल पदर धरतं, तेवढाच. विमला पुटपुटायची, "वाढते हं, जरा दम धरा." मग सुंभ सुटायचं आणि ती भराभर घर गाठायची.

१९८४च्या भाद्रपदात तिचा नवरा लवू रजेवर आला. तो मालवाहू जहाजावर खलाशी. येताना बातमी घेऊन आला.

"जहाज बिघडलं म्हणून पोर्तुगिजांच्या अझोर बेटांवर थांबलो होतो," तो वडलांच्या खाटेशी बसून सांगू लागला. "एका गावात बायका वाफेच्या पाण्यातून गाठोडी ओढत होत्या. सोडून बघतो तर अळकुड्या! आणि वास आपल्या मागच्या दारचा. बाबा, मी तिथेच रडायला लागलो. बायका हसल्या मला."

लवूने तिथल्या पाद्र्याला गाठलं. डोंगर फुटल्यानंतर बेट सोडून गेलेल्यांच्या नोंदी देवळात जपलेल्या होत्या. पाद्र्याने जुनी पुस्तकं उघडून शोध घेतला. हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजावर त्या गावचे दोघेच सापडले. सख्खे भाऊ. थोरला मानुएल, धाकटा जुझे. पुढे कुणाचीच नोंद नव्हती.

"मग आपला कुठला?" विमलाने विचारलं.

"ते देवळात कुठनं कळणार?"

सखाराम उठून बसले. आजारपणाने खंगलेला चेहरा उजळला होता. हा आपला शेवटचा म्हाळ, हे त्यांना कळून चुकलं होतं. "थोरल्याचा मान आधी. मानुएल म्हणायचं."

"मामंजी, दोघांचीही नावं घेतली तर?"

"पान एक हाय गो. एका पानावर दोघांना बोलवत नायत. आणि ज्याला बोलावलं, त्याला उपाशी परत धाडत नायत."

सर्वपित्रीला गावातली चार माणसं जेवायला आली. त्यांत शेजारचा रावजीही होता.

"काय सखाराम, तुमच्या वाहून आलेल्या ओंडक्याला नाव मिळालं म्हणे?"

"मिळालं. ऐक आता," सखाराम म्हणाले. भिंतीला टेकून त्यांनी पितरांना गाऱ्हाणं घातलं. नवं नाव स्वच्छ, मोठ्याने घेतलं. सगळ्यांनी साथ दिली, "व्हय म्हाराजा."

बाकीच्या पानांवर कावळे तुटून पडले. बेटकऱ्याच्या पानाकडे एकही फिरकला नाही. ऊन उतरलं, भात वाळून गेला.

"कावळ्याला काय पटलं नाय," रावजी दात कोरत म्हणाला.

सखाराम भिंतीकडे तोंड करून निजले. "त्याने खाल्ल्याबिगर मी खायचा नाय," एवढंच बोलले. पाणीसुद्धा घेईनात.

तिन्हीसांजेला विमला उरलेल्या अळकुड्या घेऊन झऱ्यावर गेली. वाफ जमिनीलगत पसरली होती. रातकिडे का कोण जाणे, गप्प होते. तिने गाठोडं पाण्यात सोडलं आणि सुंभ हाताला गुंडाळून हळूच विचारलं, "मानुएल...?"

पाणी हललं नाही. सुंभ सैलच.

तिने सुंभाला आणखी एक वेढा दिला. "जुझे...?"

सुंभ ताणलं गेलं. या वेळी सुटेना. वाफेतून कुणी खोल श्वास घेतल्यासारखा आवाज आला...

"चला घरी," विमला म्हणाली. "तुमचं नाव सापडलंय."

तेव्हा ते सुटलं. ती मागे न बघता चालत राहिली. मानेवर गंधकाची ऊब सारखी येत होती, थेट अंगणापर्यंत.

"मामंजी, जुझे म्हणा. आपला जुझे."

सखारामांनी कुशीवरूनच हाक मारली. आवाज फाटका होता, पण भरलेला. कावळे केव्हाच घरट्यात गेले होते. तरी एक आला, पानावर उतरला आणि पहिली अळकुडी उचलली. अजून तिथेच बसलेल्या रावजीने डोक्यावरची टोपी काढली. सखारामांनी विमलाच्या हातून पेज घेतली, आणि रावजीला म्हणाले, "ओंडका नव्हता रे. आईबापाचा मुलगा होता. आमचा मूळपुरुष."

विमलाच्या डोळ्यांना धार लागली. त्या घरची सून असल्याचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

दिवा लावताना लवू एकदम थांबला. "विमल, मग दुपारी आपण बोलावलं ते... कुणाला?"

विमलाने खाडीकडे पाहिलं. धाकटा एकटाच इथवर पोचला होता. थोरला वाटेत कुठे राहिला, ते फक्त दर्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाने दार उघडलं. खाडीकडून अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत ओली पावलं आली होती. तिने बोट लावून जिभेला लावलं. पाणी गार होतं आणि खारट. परत गेलेलं पाऊल एकही नव्हतं. तिने केळीचं पान कापून आणलं, जुझेच्या जागेशेजारी मांडलं आणि वाढलं. वळून पाहिलं, तेव्हा पावलं माजघरात आली होती.