माणसं, दहा

खोटं वाटेल, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ढाणकीत आमच्या शेजारी राहणाऱ्या फरहानावर हे गुदरलं आहे. ती शाळेत शिकवते, भुताखेतांना हसणारी बाई.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. रविवार, सकाळचे साडेसहा.

धरणाच्या फुगवट्यावरच्या अभयारण्यात पक्षीगणना होती. धुकं असं, की हाताला हात दिसेना.

तिचा धाकटा भाऊ तनवीर गॅरेजवाला, पण पाखरांचा वेडा. तो पुंडलिकराव या म्हाताऱ्या मासेमाराच्या डोंग्यातून पाण्यात जाणार होता. रीत ठरलेली. डोंग्यातल्यानं पक्षी मोजून आकडा ओरडायचा. काठावरच्यानं तो वहीत टिपून "लिहिलं" म्हणायचं, म्हणजे आकडा पक्का.

"आपा, तू अठीच काठावर बस. आम्ही डोंगा काढतो," म्हणत तनवीर धुक्यात शिरला.

थोड्या वेळानं पाण्यावरून हाक आली.

"चक्रवाक, बावीस!"

"लिहिलं!"

"करकोचे, सात!"

"लिहिलं!"

आवाज तनवीरचाच. बोटं गारठलेली, मान खाली, ती लिहीत राहिली.

मग पाखरं गप्प झाली... सगळी, एकदम.

"माणसं... नऊ!"

मेला टवाळक्या करतोय, असं तिला वाटलं. पण सवयीनं तोंडातून गेलंच, "लिहिलं!"

"माणसं... दहा!"

"लिहिलं!"

तेवढ्यात फोन वाजला. तनवीर.

"आपा, लय धुकं हाय. काका डोंगा काढू नाई म्हणते. आम्ही त्याईच्या झोपडीत चहा पिऊन राह्यलो. तू बी ये."



कशीबशी ती झोपडीत पोचली आणि तनवीरचं तोंड, खांदे, हात चाचपत रडली. मग सगळं सांगितलं.



"धरण भरलं त्या साली डोंगा उलटला होता. नऊ जण गेलते," पुंडलिकराव म्हणाले.

आणि मग, अगदी हळू...

"दहावा कायले लिहिला, बाई?"

रागावले नाहीत. तिच्या कपात चहा ओतला.

चौथ्या दिवशी त्यांचा डोंगा रिकामा सापडला. वारा नाही, लाट नाही. पोहण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांचं प्रेत दोन दिवसांनी सापडलं.

बातमी ऐकल्यावर फरहानाच्या तोंडून पहिलं काय निघालं, ठाऊक आहे? "शुक्र है, तनवीर नाई."

मी समजावते, तुझा काय दोष? ती म्हणते, "मले तवा बरं वाटलं होतं. तेच खाते मले. अन् तो आवाज कोणाचा होता, सांग?"



पुंडलिकरावांची बायको कौसल्याकाकू तिला अजूनही मायेनं घरी बोलावतात. ती जात नाही.