चेंडू निसटला नव्हता

चंद्रशेखर देवस्थळी रिटायर झाले आणि तिसऱ्याच महिन्यात बायकोच्या, म्हणजे कांचनच्या, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावू लागले. छत्तीस वर्षं इंजिनिअर म्हणून राबलेला माणूस, त्याचे हात स्वस्थ कसे बसणार? शेवटी कांचननेच त्यांना शुगर लँड गावातल्या एका लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून पिटाळलं. काम बिनघोर होतं. एके काळी गावोगावच्या छोट्या संघांतून बेसबॉल खेळलेल्या म्हाताऱ्यांकडे जायचं, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, मधले खोकले आणि उसासे काढून टाकायचे आणि फाइल नीनाकडे द्यायची. नीना लायब्ररीतली नागपूरची मुलगी, त्यांना काका म्हणायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ते हॉलिस प्रुएटकडे गेले. वय एक्क्याण्णव, मुक्काम वृद्धाश्रमात. खिडकीबाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. आत एसीचा गारवा, फिनेलचा वास, आणि त्याखाली कुठेतरी ओल्या मातीचा आणि चामड्याचा. चंद्रशेखरांनी रेकॉर्डर लावला. म्हाताऱ्याने अर्धा तास जुन्या मॅचेसच्या गमतीजमती सांगितल्या, मग एकदम आवाज खाली आणला.

"मी पिचर होतो, चेंडू फेकणारा. तिकडून रेमंड क्रीच नावाचा पोरगा बॅटिंगला आला. आधीच्या वेळी त्याने माझा चेंडू कुंपणापार मारला होता आणि माझ्याकडे बघून हसला होता. तेव्हा डोक्यावर हेल्मेट नसायचं, नुसती कापडाची टोपी... मी चेंडू त्याच्या कानशिलावर मारला. तिसऱ्या दिवशी तो गेला."

"हातून निसटला असेल," चंद्रशेखर म्हणाले.

"सगळे तेच म्हणाले. कॅचर म्हणाला, अंपायर म्हणाला, मी म्हणालो. पण तो निसटला नव्हता, मिस्टर. मी नेम धरला होता." म्हाताऱ्याने रेकॉर्डर स्वतःकडे ओढला. "आमच्या खेळात याचा बदला कसा घेतात माहीत आहे? मारणाऱ्याला मारत नाहीत. त्याच्या बाजूचा जो कोणी पुढे बॅटिंगला येईल, त्याला मारतात. त्या दिवशी मॅच थांबली, त्यांचा बदला राहून गेला. मग कॅचरची बायको गेली. अंपायरचा भाऊ गेला. माझी बायको लोरीन... अंगणात उभी होती, कानशिलावर एवढी खूण. 'निसटला' असं जो जो म्हणाला, त्याच्या घरातलं एक माणूस गेलं. हे सगळ्यांना ऐकव. मला मोकळं कर."

दोन दिवसांनी म्हातारा झोपेत गेला.

आता चंद्रशेखरांचा स्वभाव पुण्यातल्या शोकसभांवर वाढलेला. गेलेला माणूस कितीही खडूस असो, माइकसमोर तो मनमिळाऊ आणि निगर्वीच होणार. प्रुएटच्या मुलीने विनवलं, "डॅडींची शेवटची मुलाखत तुम्ही घेतलीत, चर्चमध्ये दोन शब्द बोला." हे कोट घालून गेले. त्याआधी रेकॉर्डिंगमधली ती चार मिनिटं त्यांनी कापून टाकली होती, कॉम्प्युटरची कचराटोपलीसुद्धा रिकामी केली होती. आणि सत्तर माणसांसमोर, ओलावल्या आवाजात, हा शहाणा गृहस्थ म्हणाला, "एकदा त्यांच्या हातून चेंडू निसटला. ते दुःख त्यांनी जन्मभर वागवलं." मुलगी गळ्यात पडून रडली. यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते सोफ्यावर पेंगत होते. सूंऽऽ करून काहीतरी हवेतून गेलं, आणि थाड्!

"अहो, काय पाडलंत?" वरून कांचनने विचारलं.

काही पडलं नव्हतं. वॉशिंग मशीनशेजारच्या भिंतीत एक गोल खळगा पडला होता. कडेला बारीक टाक्यांसारखे ठसे होते, आणि वास तोच, चामड्याचा.

दोन दिवसांनी दुसरा खळगा, देवघरापाशी. मग तिसरा, सिंकजवळ.

"वुडपेकर आत शिरलाय की काय!" कांचन हसली. "पेस्ट कंट्रोलला कॉल करा ना."

चंद्रशेखर हसले नाहीत. त्यांनी टेप आणली, कारण घाबरलेला इंजिनिअर आधी माप घेतो. तिन्ही खळगे जमिनीपासून सारख्याच उंचीवर होते, चार फूट दहा इंच. ते स्वतः पावणेसहा फूट. मशीनपाशी, देवापाशी, सिंकपाशी... दिवसभर उभं कोण राहतं इथे?

"कांचन, जरा इकडे ये. भिंतीला टेकून उभी राहा."

"आता माझं माप कशाला? नवीन साडी घेताय?"

त्यांनी टेपचं टोक तिच्या कानशिलाला लावलं आणि आकडा दोनदा वाचला, तेव्हा तिने हसणं थांबवलं. चार फूट दहा इंच.

पस्तीस वर्षांचा संसार, आणि चांगुलपणा मिरवण्यापायी आपण हिला कुणाच्या समोर उभं केलं! त्यांनी तडक प्रुएटच्या मुलीला फोन लावून खरं काय ते सांगितलं. ती थंडपणे म्हणाली, "डॅडींचा चेंडू निसटला होता. तुम्हीच सांगितलंत." आणि फोन बंद.

मग कांचन देवळात भजनाला गेल्यावर त्यांनी अभ्यासिकेचं दार लावलं आणि स्वतःच्या आवाजात सगळं रेकॉर्ड केलं. क्रीचचं हसू, प्रुएटचा नेम, आपण कापलेली चार मिनिटं, चर्चमधलं आपलं खोटं. बोलता बोलता त्यांना रडू आलं. फाइल न ऐकताच त्यांनी ती नीनाला पाठवली.

घर शांत झालं. आठ दिवस एकही आवाज नाही. त्यांनी खळगे बुजवले, वरून रंग दिला, जेवणही पोटभर गेलं.

नवव्या दिवशी सकाळी नीनाचा फोन आला.

"काका, रेकॉर्डिंग ऐकलं. बापरे! फॅमिली भडकणार, पण आपण ठेवूया. फक्त एक विचारायचं होतं. तो दुसरा माणूस कोण?"

"दुसरा?"

"शेवटी प्रश्न विचारतो तो. यंग आहे आवाज. हसरा वाटतो."

"नीना... खोलीत मी एकटाच होतो."



"काका, तो तुमचं सगळं ऐकून घेतो. मग विचारतो, तुमच्याकडून आता बॅटिंगला कोण?"

"...आणि?"

"आणि तुम्ही सांगता. काकूंचं नाव. त्याला नीट समजत नाही, तर इथे सगळ्यांना सांगतो ना आपण, तसं एकेक अक्षर करून स्पेलिंग सांगता... तो थँक यू म्हणतो."

चंद्रशेखरांनी फोन खाली ठेवला. कांचन घरात कुठे आहे ते त्यांना समजेना. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिचं नाव मोठ्याने घ्यायची त्यांची छाती होईना.